एका फांदीपुरती परवानगी

मेघाला झाड तोडायचं नव्हतं. हे सगळ्यात आधी सांगितलेलं बरं. कारण पुढे कॉलनीत, नगर पंचायतीत आणि थेट तिच्या माहेरी बपेऱ्यापर्यंत जी गोष्ट पोचली ती अशी, की सचिनच्या बायकोनं भरला मोह तोडायला काढला. भरला मोह! लोक हे दोन शब्द असे उच्चारत, जणू तिनं पंगतीतलं भरलं ताट उचलून नालीत ओतलं होतं. तिला पाहिजे होती एक फांदी. तीही वाळलेली.

गावाचं नाव सांगत नाही. भंडारा जिल्ह्यात नगर पंचायती आहेत, ज्याला आपली वाटेल त्यानं आपली समजावी. ले-आउट पडायच्या आधी तिथं धानाच्या बांध्या होत्या. बांध्या गेल्या, प्लॉट आले, पण धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, एक जुना मोह तेवढा राहिला. नकाशा काढणाऱ्यानं रेघ अशी काही मारली की तो मोह सचिनच्या प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात आला. घराच्या पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागच्या खोलीवर टीन. आता कोणालाही वाटेल की उन्हाळ्यात टीनाची खोली तापत असेल. उलट होतं. एप्रिल लागला की स्लॅबखाली माणूस पोळीसारखा दोन्ही बाजूंनी भाजून निघायचा, आणि मोहाच्या सावलीतली टीनाची खोली माठासारखी थंड राहायची. म्हणून चौदा महिन्यांच्या अंजूची झोळी त्या खोलीत बांधलेली होती. दुपारी दीड ते तीन अंजू झोळीत निजायची.

हा दीड तास म्हणजे काय चीज आहे हे ज्यांच्या घरात चौदा महिन्यांचं लेकरू नाही त्यांना सांगून कळणार नाही. त्या दीड तासात मेघा जेवायची, तेही दोन्ही हातांनी. केस विंचरायची. आणि शेवटची पाच मिनिटं झोळीजवळ नुसती बसून राहायची. अंजूच्या वरच्या ओठावर घामाचा एक थेंब यायचा, तो पदरानं टिपायचा की राहू द्यायचा, एवढाच काय तो त्या पाच मिनिटांतला प्रश्न.

होळीच्या आदल्या दिवशी, ठीक त्याच पाच मिनिटांत, टीनावर धाडकन काहीतरी पडलं. अंजू उठली नाही. मेघा मात्र जागच्या जागी वीतभर उडाली. बाहेर जाऊन पाहते तर मनगटाएवढं वाळकं लाकूड. तिनं वर पाहिलं. मोहाची एक अख्खी फांदी, चांगली मांडीएवढी जाड, पान नाही की फूल नाही, टीनावर आडवी आली होती. बुंध्याशी तिला उभी चीर गेलेली. आणि फांदीखाली सरळ रेघ मारली तर कुठं यायची? झोळीवर.

त्या दिवसापासून मेघा दुपारी झोळीकडे पाहायची सोडून छताकडे पाहू लागली. थोडा वारा आला की वर कर्र वाजायचं आणि ती झोळीवर वाकायची. जूनमधली वादळं यायच्या आत फांदी उतरलीच पाहिजे, हे तिनं ठरवलं आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

सचिन वरठीच्या कारखान्यातून मोटारसायकलवर धूळ खात आला होता. तो म्हणाला, "पाहू ना."

सचिनच्या या 'पाहू ना'मध्ये गळका नळ, न लागणारं कवाड आणि अंजूचा जन्मदाखला वर्षभर सुखानं राहत होते. मेघानं ओळखलं की आता आपणच पाहिलं पाहिजे.

तर आधी शेजाऱ्यांचा सल्ला. तो मागावा लागत नाही, वर पाहत उभं राहिलं तरी पुरतं.

डाव्या बाजूला भय्याजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय सत्तर, दुपारची झोप एक ते चार. ते कंपाउंडवरून मान काढून म्हणाले, "खांदी कायले, मुळासकट काढ ना बाई त्याले. पाला पडते, माझ्या गच्चीची नाली बुजते. घराजवळ एवढं मोठं झाड ठेवूच नये."

मागच्या बाजूच्या शकुंतलाबाई म्हणाल्या, "काढ बाप्पा एकदाचं! मोहं पडले का घरभर तो वास, अन् माशा. पाव्हणे आले तं विचारतेत, घरात कोण घेऊन राहिलं म्हणून." हे सांगताना त्या स्वतःच्या अंगणातली मोहाची फुलं टोपलीत वेचत होत्या, पण मेघाला तेव्हा त्यात काही विसंगत वाटलं नाही. शेजाऱ्यांच्या बोलण्याकडे आणि हाताकडे एकाच वेळी पाहायची अक्कल माणसाला फार उशिरा येते.

समोरचा हेमराज मालवाहू गाडी चालवायचा. त्याचा मार्ग सरळ होता. "वहिनी, रविवारी ऑफिस बंद असते. दोन माणसं आणतो, घंटाभरात पाडतो. कोण पाहून राहिलं?"

"हेमराजभाऊ, सगळेच पाहून राहिले," मेघा म्हणाली. आणि मान ताठ करून पुढे म्हणाली, "मी कायद्यानं करीन."

हे वाक्य तिच्या तोंडून गेलं नसतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

नगर पंचायतीत झाडांच्या अर्जाचं टेबल घनश्यामबाबूंकडे होतं. माणूस स्वभावानं गरीब, पण टेबलामागे बसला की त्याच्या अंगात शासन यायचं. मेघा अंजूला कडेवर घेऊन गेली होती, कारण सासूबाई निर्मलाबाई दिघोरीला माहेरच्या लग्नाला गेल्या होत्या. अंजूनं गेल्या गेल्या घनश्यामबाबूंचा शिक्का उचलून तोंडात घातला.

"झाडाचं नाव?"

"मोह."

"वय?"

"मले काय माहीत जी? मी इथं चार वर्षांपासून आहे."

"अंदाजे लिहा. पण पन्नासच्या वर लिहू नका. पन्नासच्या वर गेलं का फाइल वरच्या ऑफिसले जाते, अन् तिथून आजपर्यंत एकही परत आली नाही."

मेघानं एकोणपन्नास लिहिलं. मोहानं बिचाऱ्यानं काही हरकत घेतली नाही.

"पण बाबूजी, मले झाड नाही तोडायचं. एकच खांदी."

घनश्यामबाबूंनी पेन खाली ठेवला आणि एखाद्यानं वाईट बातमी सांगावी तसं म्हणाले, "खांदीचा अर्जच नाही आमच्याकडे. अर्ज झाडाचा."

"मंग खांदी तोडायची असली तं?"

"तं झाडाचा करायचा." मग आजूबाजूला पाहून त्यांनी आवाज उतरवला. "हे पाहा बाई, मी बारा वर्षं हे टेबल पाहून राहिलो. ऑफिस मागितलेलं कधीच पूर्ण देत नाही. खांदी मागाल तं पान मिळंन. झाड मागा. साहेब येतीन, लोकं आक्षेप घेतीन, मंग साहेब मधला मार्ग काढून खांदी देतीन. सगळे खूश."

मेघाला ते पटलं. साडीच्या दुकानात ती स्वतः हेच करायची. तिनं कारण या रकान्यात 'फांदी धोकादायक' आणि मागणी या रकान्यात 'झाड तोडणे' असं लिहून सही केली.

त्यानंतर अर्जदाराचे झाडासह चारही बाजूंनी फोटो पाहिजे होते. मेघा झाडाच्या चारही बाजूंना उभी राहिली, चारही फोटोंत अंजू कडेवर होती, कारण ती दुसरीकडे कुठं राहणार? घनश्यामबाबूंनी फोटो परत केले. "अर्जदार एक आहे, फोटोत दोन आहेत. साहेब विचारतीन दुसरा अर्जदार कोण." पुन्हा फोटो काढले. त्या फोटोंत मेघा एकटी आहे खरी, पण चारही फोटोंत ती कॅमेऱ्याकडे न पाहता खाली पायाकडे पाहते आहे, कारण अंजू तिथं बसून माती खात होती.

महिना गेला. मोहं टपाटप गळून संपली, झाडाला लाल-कोवळी पालवी आली, फक्त त्या एका फांदीला आली नाही. मग एका सकाळी ऑफिसचा माणूस खळ घेऊन आला आणि मोहाच्या बुंध्याला नोटीस चिकटवून गेला. सदर वृक्ष तोडण्याचा अर्ज आला आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.

मेघाच्या मनात आलं, हरकत कोण घेणार? सगळे तर काढ काढ म्हणत होते.

सात दिवसांत सात आक्षेप आले.

घनश्यामबाबूंनी ते तिला वाचायला दिले. पहिला तीन पानी होता, वळणदार अक्षरात. 'सदरहू वृक्ष हा परिसराच्या जलसंधारणाचा कणा असून त्याच्या तोडीमुळे भूजल पातळीवर विपरीत परिणाम होऊन भावी पिढ्या आपणांस क्षमा करणार नाहीत.' खाली सही भय्याजींची. दुसऱ्यात शकुंतलाबाईंनी लिहिलं होतं, की त्या दरवर्षी त्या झाडाची मोहं आणि टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, वेचतात, आणि त्यांच्या गुडघ्यांना टोळीच्या तेलाशिवाय दुसरं औषध लागू पडत नाही. तिसरा हेमराजचा, की तो दुपारी कंपाउंडबाहेर मोहाच्या सावलीत गाडी लावतो, सावली गेल्यास ती तापेल. उरलेले चार वेगवेगळ्या नावांचे होते, पण 'सावली' हा शब्द चारही ठिकाणी 'सवाली' असा होता, जसा हेमराजच्या अर्जात होता.

मेघा तशीच, चप्पल न काढता, भय्याजींच्या वरांड्यात जाऊन उभी राहिली.

"भय्याजी, तुम्हीच तं म्हटलं होतं, मुळासकट काढ!"

"म्हटलं होतं ना."

"मंग हे तीन पानं?"

भय्याजी जरासुद्धा गडबडले नाहीत. "बाई, ते शेजारी म्हणून म्हटलं होतं. हे नागरिक म्हणून लिहिलं."

आता या माणसाला काय म्हणावं? मेघा घरी आली आणि तिनं अंजूच्या लंगोट्या अशा पिळल्या, की त्यातली एक फाटलीच. तिला राग येत होता तो आक्षेपाचा नव्हे. सात माणसांनी नऊ पानं लिहिली, भूजल आलं, गुडघे आले, गाडीचं टीन तापायचं आलं. पण त्या टीनाखाली एक पोट्टी निजते, हे कोणाच्या एका ओळीत नव्हतं.

मे महिन्याच्या मध्याला निरोप आला, उद्या साहेब पाहणीला येणार. निर्मलाबाई दिघोरीहून परत आल्या होत्या. जन्म धानाच्या गावात गेलेला; त्यांच्या हिशोबानं साहेब येणार म्हणजे कुऱ्हाड येणार. नाहीतर साहेब कशाला येईल? आणि झाडाला लोखंड लावायच्या आदल्या दिवशी झाडाला सांगावं लागतं. न सांगता कुऱ्हाड घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाला मारणं.

संध्याकाळी त्यांनी मोहाच्या बुंध्याला हळद-कुंकू लावलं, मूठभर तांदूळ वाहिले, नारळ फोडला, दिवा ठेवला आणि खोडावर हात ठेवून म्हणाल्या, "माय, उद्या तुह्या एका हाताले लोखंड लागन. तो हात मेला आहे, पोरीच्या डोक्यावर येऊन राहिला. राग धरू नको. पाखरांनो, तुम्ही आज दुसरीकडे जा रे बाबा."

मेघानंही हात जोडले. अंजूचे हात हातात धरून तिलाही जोडायला लावले. अंजूनं वर पाहून फांदीला 'टाटा' केलं. मेघाला वाटलं, या महिना-दोन महिन्यांत झाडाशी सरळपणानं बोललेलं हे पहिलंच माणूस.

सकाळी दूध आणायला जाणाऱ्या दोघीतिघींनी ताजं हळद-कुंकू पाहिलं. कोणी अगरबत्ती लावली. कोणी एक फूल ठेवलं. शकुंतलाबाईंकडच्या पाहुणीनं विचारलंदेखील नाही कोणता देव, सरळ दुसरा नारळ फोडला. अकरा वाजता साहेब आले, झाडाजवळ गेले आणि थांबले. मग त्यांनी बूट काढले.



साहेबांनी अनवाणी पायांनी टेप लावून बुंध्याचा घेर मोजला, खाली फोडलेले नारळ मोजले, वहीत लिहिलं. 'वृक्षास धार्मिक महत्त्व असल्याचे आढळले.'

"साहेब, ते धार्मिक नाही! ते माफी मागितली आम्ही. तुम्ही वरती पाहा ना, ती खांदी—"

"ताई, अर्ज झाडाचा आहे," साहेब म्हणाले. "फांदीचा अर्ज असता तर फांदी पाहिली असती."

आणि खरंच, बूट घालून, मान वर न करता ते निघून गेले. तेवढ्यात वारा आला आणि वर कर्र वाजलं. साहेब गाडीत बसले होते.

आठवड्यानं सुनावणी लागली. एका बाजूच्या बाकावर भय्याजी, शकुंतलाबाई आणि हेमराज. दुसऱ्या बाजूला मेघा, निर्मलाबाई आणि अंजू. सचिनला सुटी मिळाली नव्हती. भूजलावर वीस मिनिटं गेली. मग साहेबांनी शेरा वाचला आणि म्हणाले, "लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे. झाडाला हळद-कुंकू वाहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं."

निर्मलाबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. "साहेब, मी लावलं हळद-कुंकू. आम्ही तं घरी नवीन फ्रीज आणला, त्यालेही लावलं. सचिनच्या मोटारसायकलले लावलं. उखळाले लावतो, सुपाले लावतो. आता तो फ्रीज बिघडला तं का तुमची परवानगी घेऊन भंगारात द्यायचा?"

बाकावरून कोणीतरी फुसकन हसलं. बहुतेक हेमराज. साहेबांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि धार्मिक महत्त्वाचा शेरा खोडला.

"पण सात आक्षेप आहेत," ते म्हणाले. "आक्षेपदारांनी लेखी मागे घेतल्याशिवाय मला काही करता येत नाही. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची."

पावसाळ्यानंतरची!  मेघानं अंजूला उचललं आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता तिनं झोळी सोडली. त्या फांदीखाली लेकरू निजवायचं नाही, हे नक्की. स्लॅबच्या खोलीत निजवून पाहिलं होतं. अंजूच्या मानेवर घामोळ्यांची लाल माळ उठली होती. मग कुठं? मेघा झोळी खांद्यावर टाकून, अंजूला कडेवर घेऊन भय्याजींच्या दारात गेली. भय्याजी कूलर लावून नुकतेच आडवे झाले होते.

"भय्याजी, झाड राह्यलं पाहिजे ना? राहू द्या. पण पोट्टी त्याच्याखाली निजणार नाही. तुमचा कूलर चांगला आहे. इथं छताच्या आडव्या दांडीले बांधते झोळी."

"इथं? आता?"

"आता नाही तं का पावसाळ्यानंतर?"

सत्तर वर्षांच्या नागरिकाला सोळा महिन्यांच्या नागरिकाला हाकलून देता येत नाही. झोळी बांधली. पण नवी जागा पाहून अंजूची झोप पार उडाली. तिनं भय्याजींचा चष्मा काढला. रिमोट कूलरच्या पाण्यात सोडला. पेल्यात ठेवलेली कवळी तिला फार आवडली. ती तिनं मेघालाही घालून पाहिली. तीन वाजता मेघानं आभार मानले आणि "उद्या येते" म्हणून सांगितलं. भय्याजींनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चारच्या आधी चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी बदल म्हणून ती शकुंतलाबाईंकडे गेली. तिथं खालच्या खोलीत चटईवर वाळवलेली मोहं पसरली होती. अंजूनं दोन्ही मुठी भरल्या आणि तोंडात कोंबल्या. गोड लागली. शकुंतलाबाई ओरडल्या, "अवो मेघा, काढ, काढ! पोट्टीले झिंग आली तं माझ्यावर येईन!" वाळल्या मोहानं कोणाला झिंग येत नाही हे त्यांना माहीत होतं, पण भिणाऱ्या माणसाला माहीत असून उपयोग नसतो. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर बसून अंजूच्या तोंडातून एकेक फूल काढत राहिल्या, आणि अंजू खदखदून हसत त्यांचंच बोट चावत राहिली. असं करता करता ती त्यांच्याच मांडीवर निजली. शकुंतलाबाईंना दीड तास पाय हलवता आला नाही.

"दे तो आक्षेप मागं घ्यायचा कागद," त्या शेवटी पुटपुटल्या. "पण टोळी पडतीन त्या मलेच द्यायच्या."

भय्याजींनी आपला आक्षेप एका ओळीत मागे घेतला. हेमराजकडे जायची वेळच आली नाही. मेघा झोळी घेऊन फाटकाबाहेर पडलेली दिसताच तो गाडीतून उतरून धावत आला आणि बोनेटवर कागद ठेवून सही करून मोकळा झाला. उरलेले चार आक्षेप संध्याकाळपर्यंत त्याच पेनानं मागे आले.

जूनच्या तीन तारखेला आदेश निघाला. मेघा आनंदानं घ्यायला गेली, तिथंच उभ्यानं वाचला आणि बाकावर बसली.

'सदर मोह वृक्ष समूळ तोडण्यास परवानगी देण्यात येत आहे.'

"बाबूजी, हे काय?"

घनश्यामबाबूंचा चेहरा पडलेला होता. "मले वाटलं होतं, आक्षेप येतीन, साहेब मधला मार्ग काढतीन. तुम्ही तं आक्षेपच उपटून आणले बाई! नाही म्हणायले कोणी राह्यलंच नाही. मंग साहेबानं अख्खं झाड देऊन टाकलं."

"ठीक आहे. मी खांदीच तोडते."

"तसं नाही होत." घनश्यामबाबूंनी आदेशाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आदेशाव्यतिरिक्त अन्य छाटणी केल्यास गुन्हा. आदेश समूळ तोडायचा आहे. नुसती खांदी तोडली तं ते विनापरवाना."

आता मात्र मेघाचा बांध फुटला. अंजू कडेवरून तिच्या तोंडाकडे टकामका पाहत राहिली.

"म्हणजे मी पोरगी वाचवायची असली तं सावली मारायची, अन् सावली ठेवायची असली तं पोरगी खाली ठेवायची? दोन महिने मी चकरा मारून राहिली. झाडाचं वय खोटं लिहायले तुम्ही सांगितलं, झाड मागायले तुम्ही सांगितलं. साहेबानं बूट काढले पण मान वर नाही केली! एक मान वर करायची होती बाबूजी, फुकट होती! वारा तुमच्या तारखेची वाट पाहते का?"

  घनश्यामबाबूंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मेघानं तो अंजूला पाजला, उरलेला आपण प्यायली, आणि आदेश पुन्हा हातात घेतला. रागात माणसाला बारीक अक्षर स्पष्ट दिसतं.

"'पंधरा दिवसांचे आत काम सुरू करावे,'" तिनं वाचलं. "अन् संपवायचं कधी?"

घनश्यामबाबूंनी कागद उलटा करून पाहिला. मग सुलटा. "ते... नाही लिहिलं."

"झाड तोडायले सुरुवात कुठून करतेत? खालून का वरून?"

"तो तोडणाऱ्याचा प्रश्न आहे."

"मंग मी वरून करते," मेघा उठत म्हणाली. "अन् एका खांदीपासून करते. लिहून घ्या, काम सुरू."

घनश्यामबाबूंनी पेनाचं टोपण काढलं. बारा वर्षांत त्या टेबलावर पहिल्यांदाच त्यांच्यापेक्षा जास्त ऑफिस कळणारं कोणी आलं होतं. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि सुरेख अक्षरात नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैलाश नावाचा झाडं तोडणारा दोर घेऊन वर चढला. कॉलनी गोळा झाली. फांदी दोराला लटकत, टीनाला न लागता, हळूहळू खाली उतरली आणि जमिनीला टेकताच मधोमध उकलली. आत लाकूड नव्हतंच. काळा भुसा, मुंग्या, आणि पोकळी. कैलाशनं हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला.

"वहिनी," तो म्हणाला, "हे पहिल्या वाऱ्याचं गिऱ्हाईक होतं."

 मेघानं अंजूला इतकं घट्ट धरलं, की ती कुरकुरली. भय्याजींनी वाकून त्या पोकळीत पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "मी तं आधीच म्हटलं होतं."

जुलैत एका दुपारी साहेब कामाची प्रगती पाहायला आले. पाऊस नुकताच उघडला होता. मोह हिरवागार, वरपासून खालपर्यंत भरलेला, पानांतून अजून थेंब गळत होते. साहेबांनी या वेळी मान वर केली. मग फाइल पाहिली. मग पुन्हा मान वर केली.

"ताई, काम कुठवर आलं?" त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं.

टीनाच्या खोलीतून झोळीचा दोर संथपणे वाजत होता. मेघा लगबगीनं बाहेर आली, ओठांवर बोट ठेवून.

"चालू आहे साहेब. हळू बोला. पोट्टी निजली आहे."

साहेबांनी दाराच्या फटीतून आत पाहिलं. मग फाइल हातावर धरून, पेनाचा आवाजही होऊ नये अशा बेतानं त्यांनी एक ओळ लिहिली आणि ती मेघाला कुजबुजत वाचून दाखवली.

"काम प्रगतिपथावर."

"हाव जी," मेघाही कुजबुजली, आणि राहिलेल्या पाच मिनिटांसाठी आत जाऊन बसली.